बडोद्यातून संशोधनासाठी फेलोशिप, अनुदान आणि पुरस्कार: अर्जाची तयारी कशी करावी

“काका, चार दिवस राहिले आहेत, एवढा अर्ज बघून द्याल का?” हा प्रश्न दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारी मुले हुशार असतात, त्यांचा विषयही चांगला असतो, आणि तरीही त्या चार दिवसांत जे होणे शक्य नसते तेच नेमके अर्जाला हवे असते: चालू वर्षाचा उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, मार्गदर्शकांनी मन लावून लिहिलेले शिफारसपत्र, आणि तीनदा पुन्हा लिहिलेला संशोधन आराखडा. चांगले काम हाताशी असून केवळ वेळ चुकल्यामुळे त्याचे पाठबळ हातचे जावे, याचे मला फार वाईट वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात पीएच.डी. करणारे, एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेले, आणि अध्यापक म्हणून नुकतेच रुजू झालेले मराठी भाषक माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

पैसा कशासाठी हवा आहे

बोलताना आपण सगळ्यालाच ‘स्कॉलरशिप’ म्हणतो, पण अर्ज करताना प्रकार नीट ओळखावे लागतात. संशोधकाच्या निर्वाहासाठी दरमहा मिळते ती फेलोशिप, आणि ती विद्यार्थ्याच्या नावावर असते. रसायने, उपकरणे, क्षेत्रभेटी, मदतनिसाचे मानधन यांसाठी मिळते ते संशोधन अनुदान. ते बहुधा अध्यापकाच्या प्रकल्पाला विद्यापीठामार्फत मिळते आणि विद्यार्थ्याला त्यात प्रकल्प-सहायक म्हणून काम मिळू शकते. परिषदेला किंवा दूरच्या अभिलेखागारात जाण्यासाठी मिळणारा प्रवासखर्च वेगळा. पुरस्कार तर आधीच झालेल्या कामासाठी असतो, आणि मोठ्या पुरस्कारांसाठी अनेकदा दुसऱ्या कुणीतरी नाव सुचवावे लागते.

हा फरक सांगण्याचे कारण असे की, फेलोशिपच्या अर्जात परीक्षक प्रामुख्याने उमेदवाराची तयारी आणि चिकाटी पाहतात, तर अनुदानाच्या अर्जात काम ठरलेल्या मुदतीत व ठरलेल्या खर्चात पुरे होईल का हे पाहतात. फेलोशिपच्या अर्जात चार पाने उपकरणांची यादी, किंवा अनुदानाच्या अर्जात दोन पाने स्वतःच्या शैक्षणिक प्रवासाची कहाणी, हे मी दोन्ही पाहिले आहे, आणि दोन्ही अर्ज परत आले.

देशातील मुख्य फेलोशिप

पहिला मार्ग अर्थातच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेतून मिळणाऱ्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा, म्हणजे जेआरएफचा. परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था म्हणजे एनटीए वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर या सत्रांसाठी घेते. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर सीनिअर फेलो म्हणून ४२,००० रुपये मिळतात. एकूण मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची आहे. शिवाय आकस्मिक खर्चासाठी मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये, तर विज्ञान शाखांना अनुक्रमे १२,००० आणि २५,००० रुपये मिळतात. वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर घरभाडे भत्ताही मिळतो. खुल्या गटासाठी फेलोशिपची वयोमर्यादा ३० वर्षे आहे, आणि महिला, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. ही सवलत सर्व महिलांना आहे हे पुष्कळ मुलींना ठाऊक नसते. लग्न, बाळंतपण किंवा बदलीमुळे तीन-चार वर्षे मागे पडलेल्या आणि ‘आता वय गेले’ म्हणून फॉर्मच न भरणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत.

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन पातळ्या असतात: फेलोशिपसह सहायक प्राध्यापकपदाची पात्रता, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेशाची पात्रता, आणि केवळ पीएच.डी. प्रवेशाची पात्रता. पहिल्या प्रयत्नात फेलोशिप हुकली तरी खालच्या पातळीच्या आधारे प्रवेश घेता येतो आणि पुढच्या सत्रात पुन्हा परीक्षा देता येते. भौतिक, रासायनिक, जीवशास्त्रीय, गणितीय आणि भूविज्ञान या शाखांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही स्वतंत्र परीक्षा आहे.

गुजरातमध्ये शिकणाऱ्यांसाठी दुसरा महत्त्वाचा मार्ग राज्य सरकारच्या ‘शोध’ योजनेचा. राज्यातील विद्यापीठांत पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्यांना या योजनेतून दरमहा १५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी, असे दोन वर्षांत एकूण ४ लाख रुपये मिळतात. जेआरएफच्या मानाने रक्कम लहान आहे. परंतु प्रवेश घेतल्यावर पहिल्या दोन वर्षांत बडोद्यात खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च भागवून पूर्णवेळ प्रयोगशाळेत बसता येणे ही मोठी गोष्ट आहे. माझ्या ओळखीतल्या निम्म्याहून अधिक मराठी विद्यार्थ्यांनी शिकवण्या सोडून पूर्णवेळ संशोधन केले ते या पैशावर. अर्ज विद्यापीठामार्फत जातो, म्हणून प्रवेश निश्चित होताच विभागाच्या कार्यालयात त्या वर्षीची सूचना केव्हा येणार याची चौकशी करून ठेवावी.

सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांनी १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी भारतीय इतिहास संशोधन परिषदेकडे आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषदेकडे पाहावे. विज्ञानात विद्यापीठात पहिले आलेल्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिप आहे. गुणवत्ता यादीतील पहिला क्रमांक हीच तिथे मुख्य अट असल्याने विद्यापीठाकडून क्रमांकाचे प्रमाणपत्र निकालानंतर लगेच घ्यावे. आईवडिलांची एकुलती एक मुलगी पीएच.डी. करत असेल तर आयोगाची सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावाची फेलोशिप आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गासाठी राष्ट्रीय फेलोशिप आहेत. पंतप्रधान संशोधन फेलोशिप, जी पहिल्या दोन वर्षांत दरमहा ७०,००० रुपये देते, ती आयआयटी, आयआयएससी, आयसर यांसारख्या ठरावीक संस्थांमधूनच मिळते. तिची आस असेल तर प्रवेश कोठे घ्यायचा हा निर्णयच त्यानुसार करावा लागतो.

कागदपत्रे: बडोद्यातील मराठी घरांच्या अडचणी

या विषयावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण गुणवत्तेपेक्षा कागदावर अडलेले अर्ज मी अधिक पाहिले आहेत.

नावापासून सुरुवात करू. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि शेवटी वडिलांचे नाव असते. आधार कार्डावर क्रम वेगळा, पासपोर्टवर आणखी वेगळा, आणि त्यात मराठी आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचे. ‘भाई’ किंवा ‘बेन’ हा प्रत्यय वडिलांच्या अथवा मुलीच्या नावाला एका कागदावर लागलेला आणि दुसऱ्यावर नसलेला, हे तर आपल्याकडे नित्याचेच. ऑनलाइन अर्जात नाव आधारशी जुळवून पाहिले जाते आणि फेलोशिपचा पैसा आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतो, त्यामुळे हा फरक आज चालून गेला तरी पुढे पैसे जमा होताना अडतो. एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच सगळे कागद समोर ठेवून एक रूप ठरवावे आणि आधार, पॅन व बँक खाते त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या मुलींनी राजपत्रातील नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र कायम जवळ ठेवावे. माझे वैयक्तिक मत विचाराल तर संशोधनातले नाव बदलूच नये, कारण आधी छापून आलेले लेख जुन्या नावाने राहतात.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. गुजरात सरकार देते तो एसईबीसीचा, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासवर्गाचा, दाखला राज्याच्या नमुन्यातला असतो. केंद्राच्या फेलोशिपला इतर मागासवर्गाचा केंद्रीय नमुन्यातला दाखला लागतो, आणि जात केंद्राच्या गुजरातसाठीच्या यादीत असावी लागते. दोन्ही याद्या एकच आहेत असे गृहीत धरू नये. नॉन-क्रीमीलेअर दाखला जुना चालत नाही आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला तर एका आर्थिक वर्षापुरताच असतो, म्हणजे मार्च उलटला की नवा काढावा लागतो. अनुसूचित जातीच्या बाबतीत १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या वेळी कुटुंबाचे कायमचे वास्तव्य कोणत्या राज्यात होते हा प्रश्न निर्णायक ठरतो. ज्यांचे पणजोबा गायकवाडी काळात बडोद्याला आले त्यांच्याकडे त्या वास्तव्याचा पुरावा असायला हवा: शाळा सोडल्याचा जुना दाखला, घराची नोंद, संस्थानच्या नोकरीचा कागद. ज्यांचे कुटुंब नंतर महाराष्ट्रातून आले त्यांना वडिलांच्या मूळ राज्यातील दाखल्याच्या आधारे स्थलांतरितांसाठीच्या नमुन्यात दाखला घेता येतो. मामलतदार कचेरीत किंवा जनसेवा केंद्रात यासाठी दोन-तीन खेपा होतातच. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात त्या खेपा घालणे जमत नाही.

परदेशी अर्जांसाठी गुजरातीतील प्रत्येक कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. हे सर्व कागद स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात दिनांक घालून ठेवावेत.

संशोधन आराखडा

आता मुख्य कामाकडे येतो. आराखड्यात परीक्षकाला तीन गोष्टींचा बोध पहिल्याच पानावर व्हायला हवा: तुम्ही नेमके काय शोधणार आहात, ते आजवर का सापडलेले नाही, आणि तुमच्याकडे ते शोधण्याचे कोणते साधन आहे. यातली तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत.

उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीने विषय दिला होता ‘विश्वामित्री नदीचे प्रदूषण: एक अभ्यास’. या नावाखाली दहा प्रबंध लिहिता येतील आणि त्यातला एकही निधी देण्यासारखा होणार नाही. आम्ही बसून बोलत गेलो तेव्हा कळले की तिला खरा प्रश्न वेगळाच पडला होता: शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरी राहतात, त्या मासे खातात, मग सांडपाण्यातले जड धातू माशांच्या शरीरात किती साठतात आणि शहराच्या वरच्या व खालच्या प्रवाहात त्यात किती फरक पडतो? आता विषयाला सीमा आल्या. नमुने कोठून घ्यायचे, किती घ्यायचे, पावसाळ्याआधी आणि नंतर अशा दोन फेऱ्या का हव्यात, कोणत्या यंत्रावर मोजायचे, वन विभागाची परवानगी कशासाठी लागेल आणि कशासाठी लागणार नाही, हे सगळे आपोआप लिहिता आले. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर नदीपात्रात झालेल्या बदलांची नोंद प्रस्तावनेत घेतल्याने ‘हे काम आत्ताच का’ या प्रश्नाचेही उत्तर मिळाले.

मानव्यविद्येतले उदाहरण आपल्या अगदी घरचे आहे. बडोदे संस्थानच्या दप्तरातील मराठी कागद मोठ्या प्रमाणावर मोडी लिपीत आहेत, आणि मोडी वाचता येणारे संशोधक गुजरातमध्ये फार थोडे आहेत. ज्या मराठी विद्यार्थ्याने आजोबांकडून किंवा एखाद्या वर्गातून मोडी शिकून घेतली आहे, त्याच्या हाती असे साधन आहे जे दिल्लीच्या किंवा परदेशातल्या स्पर्धकाकडे नाही. तरीही असा एक विद्यार्थी आराखड्यात ‘उपलब्ध साधनांचा वापर करण्यात येईल’ एवढेच लिहून मोकळा झाला होता. त्याला मी सांगितले ते असे: दप्तरखान्यात जा, हव्या त्या काळातले चार-पाच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पाहा, त्यांचे क्रमांक आणि साल टिपून घे, दोन कागदांचे लिप्यंतर स्वतः कर आणि त्यातून दिसणारी एक विसंगती आराखड्यात मांड. समजा, एखाद्या परगण्यात दुष्काळी वर्षी शेतसाऱ्यात सूट दिल्याचा हुकूम आहे आणि पुढच्या वर्षीच्या वसुलीच्या कागदात ती सूट दिसतच नाही. हा एवढा दुवा दाखवला की परीक्षकाला कळते, या माणसाने कागद हातात घेतलेला आहे.

विषय आधी झाला आहे का हे पाहण्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेला ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा संग्रह पाहावा, आणि चालू संशोधनाचे आराखडे ‘शोधगंगोत्री’वर पाहावेत. दोन्ही विनामूल्य आहेत. आपल्या विषयाजवळचे पाच आराखडे तिथे वाचले तरी कोणते वाक्य सगळेच लिहितात आणि त्यामुळे कोणते वाक्य आपण लिहू नये, हे उमजते. नक्कल मात्र करू नये. साम्य शोधणारी सॉफ्टवेअर विद्यापीठांकडे आहेत, आणि पकडले जाणे हा त्यातला लहान तोटा आहे, विचार आपला नसणे हा मोठा.

आणखी एक सवय मी आग्रहाने सुचवतो. अर्ज इंग्रजीत द्यायचा असला तरी पहिला मसुदा मराठीत लिहावा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे आपली मुले संज्ञांची वाक्ये सराईतपणे जोडतात, आणि त्या सराईतपणाखाली विचारातली पोकळी झाकली जाते. मराठीत लिहू लागले की ती पोकळी लगेच दिसते, कारण ‘बहुआयामी परिप्रेक्ष्यातून चिकित्सा’ असे लिहिताना स्वतःचाच हात अडखळतो. मसुदा मराठीत स्पष्ट झाला की मग तो इंग्रजीत नव्याने लिहावा.

खर्चाचे अंदाजपत्रक आराखड्यातूनच निघायला हवे. नमुन्यांच्या दोन फेऱ्या म्हटल्या तर प्रवासही दोन फेऱ्यांचाच दिसला पाहिजे. उपकरणाची किंमत विक्रेत्याकडून लेखी दरपत्रक घेऊन, जीएसटीसह लिहावी. रक्कम मुद्दाम फुगवून लिहिली तर अनुभवी परीक्षकाला ती पहिल्या नजरेत कळते. आणि संकोचाने कमी लिहिली तर दुसऱ्या वर्षी काम अडते, जे मला अधिक वेळा दिसते. मराठी घरांत पैसे मागण्याचा संकोच असतो. संशोधनाच्या अर्जात तो बाजूला ठेवावा.

शिफारसपत्र आणि मार्गदर्शक

शिफारसपत्र मागायला जाताना हात रिकामे नसावेत. एका पानावर स्वतःची माहिती, आराखड्याचा मसुदा, फेलोशिपचे नाव व तिचा उद्देश, अंतिम तारीख, आणि त्या अध्यापकांच्या हाताखाली तुम्ही केलेल्या एखाद्या कामाची आठवण, असे सगळे किमान सहा आठवडे आधी द्यावे. ‘विद्यार्थी कष्टाळू व प्रामाणिक आहे’ असे पत्र कुणालाही मिळते. ‘या विद्यार्थिनीने प्रयोगशाळेतल्या जुन्या नोंदींतील मोजमापाची चूक शोधून काढली आणि सगळे नमुने पुन्हा तपासले’ असे पत्र उमेदवाराला उभे करते. असे लिहिण्याइतका मजकूर सरांना किंवा मॅडमना आठवून देणे हे तुमचे काम आहे, आणि त्यात कसलाही आगाऊपणा नाही. पत्र पोहोचले की प्रत्यक्ष जाऊन आभार मानावेत, निकाल काहीही लागला तरी कळवावा.

परदेशी फेलोशिप आणि त्यांच्या अटी

भारतात पीएच.डी. करत असतानाच काही महिने अमेरिकेत काम करायचे असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल रिसर्च फेलोशिप आहे. मुदत सहा ते नऊ महिन्यांची असते. जर्मनीसाठी १९२५ मध्ये स्थापन झालेली डाड ही जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्था डॉक्टरेटच्या संशोधकांना अनुदान देते, आणि ब्रिटनसाठी कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहेत. आपल्या ललितकला विद्याशाखेच्या विद्यार्थ्यांनी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आणि इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठान ही दोन नावे लक्षात ठेवावीत; कला आणि वारसा जतनासाठी इतका थेट विचार करणाऱ्या संस्था थोड्या आहेत. जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटकडे पुष्कळ जण शिष्यवृत्ती म्हणून पाहतात, पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, पैसे परत करायचे असतात, आणि घरच्यांना हे अर्ज करण्यापूर्वी सांगावे.

परदेशी अर्जात तिथल्या प्राध्यापकाचे संमतिपत्र फार उपयोगी पडते. त्यांना लिहिताना पत्र दहा-बारा ओळींचे असावे, त्यांच्या एका लेखातील नेमक्या मुद्द्याचा त्यात उल्लेख असावा आणि आराखडा सोबत जोडावा. अर्ज भरणे आणि प्रत्यक्ष निघणे यांत वर्ष उलटून जाते, म्हणून हा पत्रव्यवहार अर्जाच्याही सहा महिने आधी सुरू करावा.

अटी वाचण्याचे महत्त्व या शहराला निराळे सांगायला नको. १९१३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून करून घेण्यात आला होता. पुढे लंडनमध्ये अभ्यास चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना काम अर्धवट टाकून परतावे लागले. येण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा या शहराने त्यांना राहायला जागादेखील दिली नाही, ही आपल्या शहराची लाज आहे आणि कमाटीबागेजवळच्या संकल्पभूमी या आंबेडकरांच्या स्मारकापाशी ती आजही आठवावी लागते. अर्जाच्या दृष्टीने पाहायचे तर मुदत केव्हा संपते, वाढवून मिळते का, परतल्यावर काय बंधन आहे, आणि काम अपुरे राहिले तर विद्यापीठातली जागा राखून ठेवता येते का, हे प्रश्न सहीपूर्वी विचारायचे असतात आणि उत्तरे लेखी घ्यायची असतात. फुलब्राइटच्या व्हिसालाही मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट जोडलेली असते.

मंजुरीनंतर

मंजुरीचे पत्र आले की काम संपले असे वाटते, पण दरमहाचा पैसा सुरू राहणे हे वेगळेच काम आहे. आयोगाच्या फेलोशिपसाठी तुमचे विद्यापीठ ऑनलाइन पोर्टलवर दर महिन्याला तुमची उपस्थिती व दावा प्रमाणित करते. एक कर्मचारी नोंद करतो आणि दुसरा अधिकारी ती मान्य करतो. यातला एक रजेवर गेला की त्या महिन्याचा पैसा थांबतो. माझ्या स्वतःच्या बाबतीत एका कार्यालयात फाइल सात महिने पडून होती आणि मला ते पाचव्या महिन्यात कळले, कारण मी विचारायलाच गेलो नव्हतो. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की, दर महिन्याच्या सुरुवातीला कार्यालयात जाऊन नम्रपणे चौकशी करावी, त्या कर्मचाऱ्यांशी ओळख ठेवावी, आणि पहिल्या काही हप्त्यांतून चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवावा.

दोन वर्षांनंतर ज्युनिअरवरून सीनिअर फेलो होण्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञासह तीन सदस्यांची समिती कामाचे मूल्यमापन करते. त्या बैठकीची तारीख लांबली की वाढीव रकमेचीही वाट पाहावी लागते, म्हणून दोन महिने आधीच मार्गदर्शकांकडून प्रक्रिया सुरू करून घ्यावी. अनुदानाचा हिशेब द्यायचा असतो तो उपयोगिता प्रमाणपत्राने, सर्वसाधारणपणे केंद्राच्या वित्तीय नियमांतील १२-ए नमुन्यात. प्रत्येक पावती त्याच दिवशी चिकटवहीत लावली तर मार्चअखेर धावपळ होत नाही. एकाच वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. ‘शोध’ चालू असताना जेआरएफ मिळाली तर आधीची लेखी सोडावी आणि तारखा एकमेकांवर येणार नाहीत हे पाहावे, नाहीतर रक्कम परत करावी लागते.

अध्यापकांसाठी, आणि पुरस्कारांविषयी

नव्याने रुजू झालेल्या अध्यापकांनी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या योजना पाहाव्यात. २०२३ च्या कायद्याने हे प्रतिष्ठान उभे राहिले आणि पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) त्यात विलीन झाले. कारकिर्दीच्या सुरुवातीच्या संशोधकांसाठी तिथे स्वतंत्र अनुदान आहे, आणि राज्य विद्यापीठांना मोठ्या संस्थांशी जोडणारी ‘पेअर’ ही योजनाही आहे. विद्यार्थ्यांच्या शोधाचे रूपांतर उपकरणात किंवा उत्पादनात होणार असेल तर गुजरात सरकारचे २०१७ पासूनचे विद्यार्थी स्टार्टअप व नवोन्मेष धोरण नमुना तयार करण्यासाठी आणि पेटंटसाठी मदत करते.

मोठ्या पुरस्कारांत १९५८ पासून दिला जाणारा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आता राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांच्या व्यवस्थेत ‘विज्ञान युवा’ म्हणून ४५ वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांना दिला जातो; नव्या रूपातले पहिले पुरस्कार ऑगस्ट २०२४ मध्ये दिले गेले. इन्फोसिस पुरस्कार २००९ पासून आहे आणि २०२४ पासून तो ४० वर्षांखालील संशोधकांसाठी आहे. यांची तयारी वेगळी अशी नसते. विद्यार्थ्याने आज करण्यासारखे एवढेच की, परिषदेतील उत्तम शोधनिबंधाचे पारितोषिक, विद्यापीठाचे सुवर्णपदक, तरुण संशोधकांसाठीच्या विषय-संघटनांचे पुरस्कार यांच्या तारखा टिपून ठेवाव्यात, कारण लहान सन्मान पुढच्या अर्जात साक्षीदार म्हणून उभे राहतात.

एक इशारा मात्र ठामपणे द्यायला हवा. ‘उत्कृष्ट संशोधक पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ अशा ई-मेल आता प्रत्येक विद्यार्थ्याला येतात. पैसे भरून मिळणारे सन्मानचिन्ह अर्जात लिहिले तर जाणकार परीक्षकाच्या नजरेत बाकीच्या खऱ्या कामाचाही भाव उतरतो. घरच्यांना फोटो पाहून आनंद होईल, तरी ते नाकारावे.

अर्ज नामंजूर झाला तर कारणे लेखी मागावीत. काही संस्था परीक्षकांचे अभिप्राय कळवतात. ते वाचून लगेच उत्तर लिहायला बसू नये. आठवडाभराने मार्गदर्शकांसमोर बसून कोणता आक्षेप खरा आहे ते ठरवावे, मसुद्यावर नवा दिनांक घालून त्या जागा दुरुस्त कराव्यात, आणि पुढच्या सत्राची अंतिम तारीख त्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून त्याच्या आधीच्या तीन महिन्यांवर खूण करावी.